वडिलांना सीआयडीपीच आहे, हे कशावरून ठरवायचं?

तुमच्या प्रश्नाचा मला समजलेला सारांश आधी लिहिते. वडील ५८ वर्षांचे, दहा वर्षांपासून मधुमेह. पाच महिन्यांपूर्वी तळपायांना मुंग्या सुरू झाल्या, मग जिना चढताना कठडा धरावा लागू लागला, आणि आता दोरीवर कपडे टाकायलाही हात वर जात नाहीत. पहिल्या डॉक्टरांनी शुगरमुळे नसा खराब झाल्यात असं सांगून बी-१२ची इंजेक्शनं दिली. दुसऱ्यांनी कंबरेचा एमआरआय काढला, गादी सरकली आहे, ऑपरेशन लागेल म्हणाले. तिसऱ्यांनी एनसीव्ही (नसेला हलका शॉक देऊन तिचा वेग मोजणारी तपासणी) केली, पाठीतलं पाणी काढून तपासलं, त्यात प्रोटीन ६८ आलं, आणि सीआयडीपी, म्हणजे प्रतिकारशक्तीने नसांच्या आवरणावर केलेल्या हल्ल्याचा आजार, असं निदान लिहून आयव्हीआयजीची, म्हणजे दात्यांच्या रक्तातल्या प्रतिपिंडांची, इंजेक्शनं सुचवली. खर्च लाखांत आहे. तुम्ही विचारताय, हा आजार नक्की आहे हे सिद्ध करणारी एखादी तपासणी नाही का, आणि नसेचा तुकडा काढून पाहिला तर कळेल का?

अशी एकच तपासणी नाही. नसेच्या तुकड्यानेही बहुतेक वेळा हा प्रश्न सुटत नाही. पण तीन डॉक्टरांनी तीन गोष्टी सांगितल्यावर कुणाच्या शब्दावर घरातले पैसे घालायचे, ही तुमची खरी अडचण आहे, आणि तिला उत्तर आहे. मी वडिलांना तपासलेलं नाही, त्यामुळे त्यांना सीआयडीपी आहे किंवा नाही असं मी इथून सांगणार नाही. निदान कशाच्या आधारावर उभं राहतं ते सांगते, म्हणजे तुमच्याजवळच्या कागदांमध्ये काय आहे आणि काय नाही हे तुम्हालाच दिसेल.

आधी आजाराबद्दल. आपल्या नसांवर मायलिनचं आवरण असतं. त्यामुळे मेंदूचा निरोप हातात सेकंदाला ५० मीटरहून जास्त वेगाने पोचतो. सीआयडीपीमध्ये शरीराची स्वतःची प्रतिकारशक्ती या आवरणावर हल्ला करते. निरोप मंदावतो किंवा वाटेतच अडतो. आतला तंतू सुरुवातीला जिवंत असतो, म्हणूनच वेळेत ओळखला तर गेलेली ताकद परत येऊ शकते. उशीर झाला तर तो तंतूही मरतो, आणि मग औषधाने फारसं काही हाती लागत नाही. स्टेरॉइडने सुधारणारा आणि पुन्हा उलटणारा असा नसांचा आजार ऑस्टिन यांनी १९५८मध्ये नोंदवला होता. १९७५मध्ये मेयो क्लिनिकच्या डाइक आणि सहकाऱ्यांनी ५३ रुग्णांचा अभ्यास मांडला आणि आजाराची ओळख पक्की झाली. लाखात जेमतेम दोन-तीन जणांना तो असतो. मधुमेहामुळे नसा खराब झालेली माणसं मात्र प्रत्येक गल्लीत आहेत. पहिल्या डॉक्टरांचा अंदाज त्या दृष्टीने चुकीचा नव्हता. पण तो अंदाज ज्या खुणांनी मोडतो त्या खुणा पाहायच्या राहिल्या.

मी २२ वर्षं नसांच्या आजारांचं हे काम करते आहे. नवा रुग्ण आला की पहिले काही प्रश्न मी फक्त काळाबद्दल विचारते. सुरुवात कधी झाली, दिवाळीला जिना चढता येत होता का, संक्रांतीला? पुण्यात २०२५च्या जानेवारीत सिंहगड रस्त्याच्या परिसरात जीबीएसची (गियाँ-बारे सिंड्रोमची) साथ आली, तेव्हापासून ते नाव घरोघरी माहीत झालं आहे. जीबीएस आणि सीआयडीपी हे एकाच कुळातले आजार, फरक मुख्यतः काळाचा. जीबीएसमध्ये कमजोरी चार आठवड्यांच्या आत कळस गाठते आणि मग थांबते. सीआयडीपीमध्ये ती आठ आठवड्यांहून अधिक काळ वाढत राहते, किंवा उतरून पुन्हा चढते. काही रुग्णांत सीआयडीपी अगदी जीबीएससारखा झटक्यात सुरू होतो. उपचाराने सुधारलेला माणूस आठ आठवडे उलटल्यावर पुन्हा घसरला, किंवा तीन वेळा घसरला, तर मी निदान बदलण्याचा विचार करते. तुमच्या वडिलांचे पाच महिने या मोजपट्टीत बसतात.

दुसरी गोष्ट, कमजोरी नेमकी कुठे आहे. मधुमेहाची झीज सगळ्यात लांब नसांपासून सुरू होते. आधी बोटं, तळपाय, घोटे, मग हळूहळू गुडघ्यापर्यंत. चप्पल पायातून निसटते आणि कळत नाही. डोळे मिटून तोंड धुताना तोल जातो. पण त्या माणसाच्या मांड्या आणि खांदे सहसा शाबूत असतात. सीआयडीपीमध्ये टोकाचे आणि मुळाजवळचे, दोन्हीकडचे स्नायू एकदमच कमी पडतात, आणि दोन्ही बाजूंना साधारण सारखेच. म्हणून मी विचारते : मांडी घालून बसल्यावर जमिनीवरून उठता येतं का? भारतीय पद्धतीच्या संडासातून उठताना नळ धरावा लागतो का? एसटीची पहिली पायरी चढता येते का? केस विंचरताना हात दुखून खाली येतो का? दोरीवर कपडे टाकता येत नाहीत हे तुम्ही सहज लिहून गेलात, पण तुमच्या संपूर्ण मजकुरात मला सगळ्यात महत्त्वाचं वाक्य तेच वाटलं. खांद्याची ताकद जाणं हे मधुमेहाच्या नेहमीच्या झिजेत बसत नाही. आणि कंबरेची गादी कितीही सरकली तरी हात कमजोर होत नाहीत. या वयात ज्यांना काहीच त्रास नाही अशा माणसांच्या एमआरआयमध्येही गादी पुढे आलेली दिसते. त्या चित्रावरून ऑपरेशनला हो म्हणू नका.

तिसरी गोष्ट हातोडीची, म्हणजे सांध्याजवळ हलकेच ठोकून स्नायू झटक्याने उडतो का ते पाहण्याची. पाच मिनिटांची, फुकट होणारी तपासणी. तुम्ही दिलेल्या माहितीत तिचा कुठेच उल्लेख नाही. सीआयडीपीच्या नेहमीच्या रूपात गुडघा, घोटा, कोपर, मनगट, सगळीकडचे झटके मंद किंवा गायब असतात. ते उलट जोरात उडत असतील तर सगळा विचारच बदलायला हवा. मानेत मणक्याचा दाब मज्जारज्जूवर आला की हातही जातात आणि पायही, आणि कंबरेच्या एमआरआयमध्ये मान दिसतच नाही. पुढच्या भेटीत हाच प्रश्न आधी विचारा.

आता एनसीव्ही. बहुतेक गोंधळ इथेच होतो, म्हणून थोडं सविस्तर लिहिते. रिपोर्टच्या तळाशी 'डिमायलिनेटिंग पॉलिन्यूरोपथी', म्हणजे अनेक नसांचं आवरण गेलेलं, असं छापलेलं असतं. ते वाक्य बाजूला ठेवून मी वरचे आकडे वाचते. हातातल्या नसेचा वेग सेकंदाला साधारण ५० मीटर आणि पायातल्या नसेचा ४० मीटर ही खालची मर्यादा मानतात. आवरण खरोखर गेलं आहे असं म्हणायला वेग त्याहूनही किमान ३० टक्के खाली हवा, म्हणजे हातात ३५ आणि पायात २८च्या आसपास किंवा कमी. पायात ३७ आलं म्हणून आवरण गेलं असं होत नाही. मधुमेहात वेगाने धावणारे तंतू आधी मरतात, त्यामुळे एवढी घट सहज दिसते. वेगाइतकंच मी पाहते ते निरोप वाटेत अडतो का : मनगटावर शॉक दिला तर स्नायूचा प्रतिसाद मोठा आणि कोपरावर दिला तर एकदम लहान, किंवा पसरलेला आणि फाटलेला. अशा खुणा किमान दोन नसांत हव्यात. त्याही नस नेहमी दबते त्या जागांवर धरायच्या नाहीत. मनगटाचा बोगदा, कोपराची खाच, गुडघ्याबाहेरचं हाड इथे मधुमेही माणसाची नस तशीही दबलेली असते.

थंडीचाही परिणाम होतो. वातानुकूलित खोलीत थंड पडलेल्या हातावर तपासणी केली की नस खोटीच मंद दिसते, दर अंशाला सेकंदामागे दीड-दोन मीटरने. तळहात किमान ३३ अंश आणि घोटा ३० अंश असायला हवा. माझ्याकडे डिसेंबरात आलेल्या रुग्णांचे हात-पाय आम्ही गरम पाण्याच्या पिशवीने शेकून मगच शॉक लावतो. वडिलांच्या रिपोर्टवर तापमान लिहिलंय का ते पाहा. हातांच्या नसा तपासल्यात की फक्त पायांच्या, तेही पाहा. पायाच्या पंज्यावरचा लहान स्नायू मधुमेहात सुकलेला असतो. त्याच्यावर घेतलेल्या एका आकड्यावरून कुणी सीआयडीपी म्हणत असेल तर ते मला मान्य नाही.

ही काळजी घ्यायला कारण आहे. २०१५मध्ये अमेरिकेतल्या अ‍ॅलन आणि लुईस यांनी सीआयडीपी म्हणून त्यांच्याकडे पाठवलेल्या ५९ रुग्णांची फेरतपासणी केली. त्यांतले ४७ टक्के निदानाच्या किमान अटींतही बसत नव्हते. जास्त प्रोटीनला आणि एनसीव्हीतल्या किरकोळ मंदपणाला दिलेलं अवाजवी महत्त्व हे त्यामागचं मोठं कारण होतं. आणि चुकीचं निदान झालेल्या अनेकांना उपचाराने बरं वाटत असल्याचंही त्यांनी सांगितलं होतं. त्याबद्दल पुढे लिहिते.

पाठीच्या पाण्यातलं ६८ प्रोटीन. या आजारात पाण्यातलं प्रोटीन वाढतं आणि पेशी मात्र वाढत नाहीत, दहाच्या आत राहतात. पन्नाशीच्या पुढे ६०पर्यंतचं प्रोटीन आता नेहमीचं मानतात. ६८ म्हणजे जेमतेम वर, आणि मधुमेह एकटाही ते एवढं वाढवू शकतो. तेव्हा हा आकडा बाजूने आहे, पण त्याच्या भरवशावर मी काही ठरवणार नाही. पेशी किती होत्या ते तुम्ही लिहिलेलं नाही. त्या ५०च्या वर असतील तर लिम्फोमा (लसिका पेशींचा कर्करोग), एचआयव्ही किंवा दुसरा संसर्ग शोधायला हवा.

यानंतर माझा सगळ्यात जास्त वेळ जातो तो सीआयडीपीची हुबेहूब नक्कल करणारे आजार शोधण्यात. आपल्या महाराष्ट्रात पहिलं नाव कुष्ठरोगाचं. २००५च्या डिसेंबरात देशपातळीवर त्याचं निर्मूलन झाल्याचं जाहीर झालं, त्याचा अर्थ रुग्णांचं प्रमाण दहा हजारांत एकाच्या खाली आलं एवढाच. आजही बाह्यरुग्ण विभागात कुष्ठरोग भेटतो, आणि कधीकधी अंगावर एकही चट्टा नसताना फक्त नसांत असतो. म्हणून मी कोपरामागची आणि कानाखालची नस बोटाने चाचपते, जाड लागते का पाहते, आणि गार-गरम कळतं का ते अंगभर तपासते. त्याची एक खूण फार उपयोगी आहे : बधिरपणा भरपूर, तरी हातोडीचे झटके शाबूत. सीआयडीपीत नेमकं याच्या उलट असतं.

दुसरा आजार पोएम्स, म्हणजे रक्तातल्या एका बिघडलेल्या प्रोटीनसोबत नसा आणि इतर अवयवांना धरणारा आजार. यात मी स्वतः चुकलेली आहे. पन्नाशीचे एक गृहस्थ होते. एनसीव्ही, पाणी, हातोडी, सगळं सीआयडीपीसारखं. मी आयव्हीआयजी दिली, फरक नाही. दुसऱ्यांदा दिली, तरीही नाही. त्यांच्या पायांवर सूज होती, कातडी काळवंडत होती, वजन उतरत होतं, रक्तातल्या प्लेटलेट्स वाढलेल्या होत्या, आणि हे सगळं मी वेगवेगळं पाहत राहिले. रक्तातली असली प्रोटीनं शोधणारी प्रोटीन इलेक्ट्रोफोरेसिस ही तपासणी नॉर्मल आली म्हणून थांबले होते. इम्युनोफिक्सेशन ही त्याहून बारीक तपासणी केल्यावर लॅम्डा प्रकारचं अगदी थोडं प्रोटीन सापडलं, आणि कमरेच्या हाडात एक गाठ. तिला रेडिएशन दिल्यावर दीड वर्षात ते काठीशिवाय चालू लागले. आठ महिने मात्र वाया गेले होते. तेव्हापासून सीआयडीपीचा संशय असलेल्या प्रत्येकाचं इम्युनोफिक्सेशन मी पहिल्याच आठवड्यात करून घेते. आयजीएम प्रकारचं प्रोटीन निघालं तर मॅगविरोधी, म्हणजे मायलिनमधल्या एका घटकावर हल्ला करणारी, प्रतिपिंडं तपासावी लागतात. तो आजार हळू चालतो, हाता-पायांच्या टोकांना जास्त धरतो आणि नेहमीच्या औषधांना फारशी दाद देत नाही.

तिसरी नक्कल आनुवंशिक. एका मुलीला आमच्याकडे येण्याआधी तीन वर्षं स्टेरॉइड चालू होतं. चेहरा सुजलेला, हाडं ठिसूळ झालेली. तिचे वडील बाहेर बाकावर बसले होते. त्यांना आत बोलावून बूट काढायला लावले. पायांना उंच कमान, बोटं आत वळलेली, पोटऱ्या बारीक. मुलीच्या सगळ्या नसांचा वेग एकसारखाच मंद होता, सेकंदाला २० मीटरच्या आसपास. प्रतिकारशक्तीचा हल्ला असा सारखा नसतो, कुठे जास्त कुठे कमी असतो. रक्ताच्या जनुकीय चाचणीत शार्को-मारी-टूथ हा नसांचा आनुवंशिक आजार निघाला. तेव्हा तुमच्या आजोबांचे, काकांचे, आत्यांचे पाय कसे होते ते वडिलांना जरूर विचारा. उभं राहिल्यावर चक्कर, सतत जुलाब, वजन घटणं हे सगळं जोडीला असेल तर अमायलॉइडही, म्हणजे नसांत आणि अवयवांत विकृत प्रोटीन साचण्याचा आजारही, पाहावा लागतो.

नसेच्या तुकड्याचं आता थोडक्यात. तो घोट्याबाहेरच्या एका नसेतून घेतात. ती फक्त संवेदनेची नस. हल्ला मणक्याजवळ, नसांच्या मुळांपाशी चालू असेल तर तिथे काहीच दिसत नाही, आणि पावलाच्या बाहेरच्या कडेला कायमचा बधिरपणा राहतो. कुष्ठरोग, रक्तवाहिन्यांचा दाह किंवा अमायलॉइड यांचा खरोखर संशय असेल तर मी तो काढायला सांगते. नुसत्या सीआयडीपीच्या खात्रीसाठी सांगत नाही. मानेतल्या आणि काखेतल्या नसांची सोनोग्राफी किंवा एमआरआय मात्र अर्धवट चित्र असताना मदत करते. नसा ठिकठिकाणी जाड झालेल्या दिसल्या तर संशयाला बळ मिळतं.

मग सुरू करायचं की नाही? कमजोरी वाढत असेल, हातोडीला प्रतिसाद नसेल आणि एनसीव्हीचे आकडे वर लिहिलेल्या अटींत बसत असतील, तर मी वाट पाहणार नाही. तंतू मरायला लागले की गेलेला काळ परत मिळत नाही. मधुमेह आहे म्हणून सीआयडीपी होत नाही असंही नाही. दोन्ही एकत्र असू शकतात, आणि अशा रुग्णांत शुगरवर बोट ठेवून आजार वर्षभर दडलेला मी पाहिला आहे. आकडे अर्धवट असतील, तर चांगल्या ठिकाणी एनसीव्ही पुन्हा करून घेईन.

सुरू करण्याच्या आदल्या दिवशी दोन गोष्टी हव्यात. पहिली, राहिलेल्या रक्ततपासण्यांसाठी रक्त आधीच काढून ठेवणं. आयव्हीआयजी हजारो दात्यांच्या रक्तातून बनते. ती शरीरात गेल्यावर प्रतिपिंडांच्या तपासण्या फसव्या येऊ शकतात. दुसरी, मोजमाप. हाताच्या पकडीची ताकद यंत्रावर किती, दहा मीटर चालायला किती सेकंद, खुर्चीतून पाच वेळा उठायला किती सेकंद, हात डोक्याच्या वर किती वेळ धरता येतो. हे कागदावर लिहा, आणि फोनवर व्हिडिओ काढून ठेवा. एवढं महाग औषध घेतल्यावर प्रत्येकालाच बरं वाटावंसं वाटतं, घरच्यांनाही, डॉक्टरांनाही. फक्त 'बरं वाटतंय' एवढ्यावर वर्षानुवर्षं आयव्हीआयजी चालू राहिलेली माणसं मला भेटली आहेत. सेकंद आणि किलो मोजलेले असले की ही फसगत टळते.

पहिला डोस वजनाच्या दर किलोला २ ग्रॅम, दोन ते पाच दिवसांत विभागून. वडील ६५ किलोंचे असतील तर १३० ग्रॅम. त्यानंतर साधारण दर तीन आठवड्यांनी किलोला १ ग्रॅम. एका डोसात फरक दिसला नाही म्हणून निदान चुकलं असं लगेच म्हणत नाहीत, काहींना दोन-तीन डोसांनंतर प्रतिसाद येतो. हे मी मुद्दाम लिहिते आहे, कारण कुटुंबं दागिने मोडून पहिल्या डोसाचे पैसे उभे करतात आणि दुसऱ्याच्या वेळी हात टेकतात. तुमची सोय दोन-तीन डोसांची होणार नसेल तर हे डॉक्टरांना आधीच मोकळेपणाने सांगा. स्टेरॉइड हाही सिद्ध झालेला आणि कितीतरी स्वस्त उपाय आहे. वडिलांची शुगर त्याने चढेल, इन्सुलिन लागेल, फरक दिसायला आठवडे ते महिने जातील, तरी अनेक मधुमेही रुग्णांत मी तो सांभाळून दिला आहे. फक्त ताकद गेलेली आणि संवेदना पूर्ण शाबूत असेल तर मात्र स्टेरॉइड टाळते, काहींची कमजोरी त्याने वाढते. वडिलांना मुंग्या आहेत, तेव्हा ती अडचण बहुधा नाही. तिसरा पर्याय प्लाझ्मा बदलण्याचा. सरकारी वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात गेलात तर समाजसेवा अधीक्षकांना नक्की भेटा. कोणती मदत कुठून मिळू शकते याची माहिती त्यांच्याकडे असते.

एवढं करूनही उपयोग झाला नाही, आणि हाताला थरथर किंवा तोल जाणं जास्त असेल, तर नसेवरच्या आवरणाच्या सांध्यांतल्या न्यूरोफॅसिन-१५५, कॉन्टॅक्टिन-१ अशा प्रोटीनांविरुद्धची प्रतिपिंडं तपासतात. २०२१च्या युरोपीय मार्गदर्शक सूचनांनी हे आजार सीआयडीपीतून वेगळे काढले आहेत. त्यांना आयव्हीआयजी सहसा पुरत नाही, रितुक्सिमॅब हे प्रतिकारशक्ती दाबणारं औषध चालतं.

तर पुढच्या भेटीला जाताना एनसीव्हीचा आकड्यांसकट पूर्ण रिपोर्ट न्या, फक्त शेवटचं पान नको. पाण्याच्या तपासणीतल्या पेशींचा आकडा, जुन्या एचबीएवनसीचे (तीन महिन्यांच्या सरासरी शुगरच्या तपासणीचे) कागद आणि वजनाची नोंद न्या. हातोडीचे झटके कसे आहेत, कोणत्या दोन नसांत आवरण गेल्याची खूण आहे, आणि इम्युनोफिक्सेशन झालंय का, हे तीन प्रश्न विचारा. नीट तपासलेल्या डॉक्टरांना या प्रश्नांचा राग येत नाही. आणि भेटीची तारीख लांबची असली, तरी मधल्या काळात श्वास अपुरा पडू लागला, गिळताना ठसका लागू लागला, किंवा कमजोरी आठवड्यांऐवजी दिवसागणिक वाढू लागली, तर त्या तारखेची वाट पाहू नका. अतिदक्षता विभाग असलेल्या रुग्णालयात त्याच दिवशी न्या, रात्र असली तरी.